इंजिनाच्या ढेकराला शिशाचं सील

साहेब, माझ्या बहिणीची आखाजी तुम्ही बुडवली. दुसऱ्या कुणी नाही, तुम्ही. वाकून न बघता, तोंडावर रुमाल धरून, शिशाच्या एका गोळीनं बुडवली.

तुम्हाला आठवणार नाही. तुमच्या आरटीओच्या मैदानात रोज गाड्यांची रांग लागते आणि तुम्ही प्रत्येक गाडीकडे आहेर न आणलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघता. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमच्या आबांची जुनी लँडमास्टर. सोनगीरच्या किल्ल्याखाली आमच्या गल्लीत तेव्हा तेवढीच मोटार. माझी थोरली बहीण वच्छला, आमची अक्का, त्याच गाडीत बसून शिरपूरकडे सासरी गेली. तिचे सासरे रुपचंद नाना यांनी सून पसंत केली होती की मोटार, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. पुढं गाडीचं इंजिन जाम झालं, गाडी गोठ्यात म्हशीशेजारी उभी राहिली, आणि आखाजीला अक्काला आणायला मी एष्टीनं गेलो. नाना ओट्यावर तंबाखू मळत होते. मळता मळताच म्हणाले, "हिलालभाऊ, आमीन मोटारवालानी पोर करेल शे, एष्टीवालानी नही. मोटार लई या, पोर लई जा."

तुम्ही बाहेरून बदलून आलात म्हणून सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात एकवेळ दिवाळी कोरडी जाईल, पण आखाजीला लेक माहेरच्या झोक्यावर बसली नाही तर शेजारीपाजारी विचारतात, भाऊ जिवंत आहे ना? त्या वर्षी विचारलं. पुढच्या वर्षीही विचारलं. मग मी इरेला पेटलो.

जळगावच्या भंगारातून मोडीत निघालेल्या अँबेसेडरचं इंजिन आणलं. ते बसवायला अमळनेरचा झुलाल मिस्तरी बोलावला. झुलालचं तोंड म्हणजे असा पंखा, की इंजिन बंद केलं तरी तो चालूच. इंजिन बसलं, पण भंगारवाल्यानं त्याचा ब्रीदर आधीच काढून विकला होता. साहेब, ब्रीदर म्हणजे काय ते इथंच सांगून टाकतो, तुमच्या खात्यात ते शिकवत नसावेत. पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली तेलाच्या चेंबरात उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते. इंजिनच्या बाजूच्या झाकणावर त्यासाठी एक वाकडा पाइप असतो, आणि वर तेल ओतायच्या टोपणात जाळी. जाळीतून हवा आत, पाइपातून गॅस बाहेर. झुलाल म्हणायचा, "इंजिनले बी ढेकर लागस, भाऊ. जेवाडीसन तोंड दाबी धरं, तं काय व्हई?"

पाइपाचं झाकण धुळ्याच्या जुन्या बाजारात मिळालं, पण पाइप निघाला भलत्याच गाडीचा. तो स्टेअरिंगच्या दांड्याला घासायचा. झुलालनं तो तापवला, वाकवला, त्याच्या आईबापाचा उद्धार केला, पुन्हा वाकवला. झाकणाखाली बुचाचं पॅकिंग घातलं, पाइप पट्टीनं आवळला, टोपणाची जाळी रॉकेलमध्ये धुतली. इंजिन सुरू झालं. पाइपाच्या तोंडाशी धुराची बारीक रेघ. भंगारातलं इंजिन, तेवढा धूर येणारच. आबा काठी टेकत गोठ्यात आले, बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मग लिंबाला बांधायला नवा दोर आणायला गेले. झोक्यासाठी.

इंजिन बदललं म्हणजे तुमचा शिक्का पाहिजे. आलो तुमच्या मैदानात. तुम्ही इंजिनचा नंबर बघितला. मग धूर बघितला.

"हा धूर इथून कसा?"

"ब्रीदर आहे, साहेब."

"ब्रीदर-बीदर मला सांगू नका. धूर सायलेन्सरमधूनच आला पाहिजे."

झुलाल पुढं झाला. "साहेब, तुम्ही बी जेवल्यावर..." मी त्याचा पाय दाबला.

"बंद करा ते भोक. नाहीतर पासिंग विसरा."

आखाजी तोंडावर आली होती. आता आमची खानदेशी अक्कल बघा. आमच्याकडे कान ठणकला, घाला कापूस. जखम झाली, बांधा कापूस. देवाची वात कापसाची, जावयाची गादी कापसाची. झुलालनं खिशातून कापसाचा बोळा काढला. "कापूसमाईन वारा जास, धूर अटकस," म्हणाला. मलाही ते पटलं, कापसाच्या गावात वाढलेल्या कुणालाही पटलं असतं. बोळा पाइपात गेला. टोपणाच्या जाळीतूनही थोडा धूर दिसत होता, तिथंही कापूस दाबला.

धूर थांबला. तुम्ही खूश झालात. इथवर असतं तर फाटकाबाहेर पडताच आम्ही बोळे काढून फेकले असते. पण तुम्ही हुशार. "बाहेर जाऊन काढाल, ओळखतो मी तुम्हाला," असं म्हणून शिपायाकडून पाइपाच्या तोंडावर अन् टोपणावर तार आवळून घेतलीत, आणि शिशाची गोळी स्वतःच्या हातानं दाबलीत. "सील तुटलं की पासिंग रद्द." साहेब, तुमच्या सगळ्या नोकरीत इतक्या मनापासून तुम्ही दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी निघालो. तापीच्या पुलावर जळक्या तेलाचा वास आला. कापूस तेल पिऊन बुचासारखा घट्ट बसला होता. वाट बंद म्हटल्यावर गॅस आतून तेलाला ढकलत होता, जिथं फट दिसेल तिथं. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी हॉर्न वाजवत नानांच्या अंगणात शिरलो.

अक्का दारातच होती. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं. नाना पहिल्यांदाच ओट्यावरून उठले, मडगार्डवरून हात फिरवला. "आते शोभनात, हिलालभाऊ!"

अक्का मागं बसली. मी गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन बोंबललं, गाडी मात्र जागची हलेना. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तेल मागून क्लचमध्ये शिरलं होतं, प्लेट नुसती घसरत होती. तेवढ्यात बॉनेटखाली फट्ट असा आवाज झाला. तेल मोजायची पट्टी बाटलीच्या बुचासारखी उडाली, आणि अक्काच्या सासूनं सकाळीच सारवलेल्या अंगणात काळं थारोळं पसरलं.

"मोटार लयनात का तेलना घाना?" नाना म्हणाले. गल्ली हसली.

मी पक्कड घेतली आणि पाइपाशी वाकलो. तुमचं सील डोळ्यांसमोर. हात थांबला. गाडीतून अक्काचा आवाज आला, "तोड ना, हिलाल! कोना बापले भ्यास?"

तोडलं. दोन्हीकडची तार काढली. काळाकुट्ट बोळा बाहेर आला, इंजिननं लांब ढेकर दिला आणि गरीब गायीसारखं शांत झालं. पण भिजलेली क्लच प्लेट शांत होऊन काय उपयोग? ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तो काय नानांच्या अंगणात?

"बैलं लावा रे!" नानांनी हाक दिली. अक्का खाली उतरली. त्यांच्या बैलजोडीनं आबांची मोटार अंगणातून ओढून बाहेर काढली. मी म्हणालो, नाना, एष्टीनं नेतो. एकदाच.

"ती गोठ बठ्ठी व्हई जायेल शे," म्हणजे ते बोलणं कधीच होऊन गेलंय, असं म्हणून नाना ओट्यावर जाऊन बसले.

अक्का गाठोडं घेऊन दारात तशीच उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आबाले काय सांगशी?"

मी एकटाच परत आलो. झोक्याचा दोर लिंबाला अजून लोंबतोय, आबा सोडायचं नाव काढत नाहीत.

आणि आता, कुणी चुगली केली कोण जाणे, तुमची नोटीस आली आहे. सील कोणाच्या परवानगीनं तोडलं, खुलासा करा. करतो. सील मी तोडलं, बहिणीच्या परवानगीनं. क्लच प्लेट नवी बसवली आहे, पाइप उघडा आहे, गाडी मस्त चालते आणि तुमच्या कागदावर ती मेलेली आहे. पुन्हा कापूस कोंबला तर कागद जिवंत होईल आणि गाडी नानांच्या दारात मरेल. पुढच्या आखाजीला मी काय घेऊन जाऊ? अक्का गाठोडं बांधून दारात उभी राहील, तिला मी काय सांगू?

उत्तर द्या, साहेब. तोंडावरचा रुमाल काढून द्या.