बॉनेटखालचा राखणदार

प्यो सांग-गिलला त्या गाडीतून काय मिळणार होतं, याचा हिशेब त्याने मनात इतक्यांदा मांडला होता की तो त्याला तोंडपाठ झाला होता. योम जोम-दोक बाईंची डिझेल गाडी सिग्नलला थरथरायची थांबली की बाई खूश. बाई खूश की वोन्तोंग बाजाराची व्यापारी संघटना खूश, कारण संघटनेची अध्यक्षीण बाईच आणि संघटनेचं मतही बाईच. आणि संघटना खूश झाली की बाजारातल्या चौदाच्या चौदा डिझेल गाड्यांचं वर्षभराचं काम पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याकडे न जाता सांग-गिलच्या दारात. एक गाडी दुरुस्त करायची, चौदा गाड्या घ्यायच्या.

हिशेबात खोट नव्हती. खोट गाडीत होती.

घाटात पळताना गाडी साळसूद. पण थांबली की हिवताप भरल्यासारखी हुडहुडायची, स्टिअरिंग हातात नाचायचं, मागच्या खोक्यातले सुकवलेले मासे एकमेकांवर खडखड आपटायचे, आणि समोर इंजिनाच्या बिघाडाचा नारिंगी दिवा लागायचा. सांग-गिलने स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणाला, इंधनाचा दाब मोजणारा सेन्सर गेला. सांग-गिलने सेन्सर बदलला. आठवडाभर गाडी शहाण्यासारखी वागली आणि मग पुन्हा दिवा. या खेपेला स्कॅनर म्हणाला, हवा मोजणारा सेन्सर. तोही बदलला. पुन्हा थोडे दिवस सुखाचे, पुन्हा दिवा. तिसऱ्या खेपेला त्याने स्कॅनरकडे पाठ केली आणि बापाच्या वेळची युक्ती काढली. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना चार बाटल्या लावल्या आणि इंजिन चालू ठेवलं. ज्या बाटलीत डिझेल जास्त साठेल, तो इंजेक्टर चोर. चारही बाटल्या सारख्या भरल्या. चोर कुणीच नव्हता.

म्हणजे गावाच्या दृष्टीने एकच उरला.

बाई काय बोलल्या ते सांग-गिलला तांदळाच्या वड्या विकणाऱ्याकडून कळलं. हा माणूस कुठलीही बातमी स्वतःचं तिखटमीठ लावल्याशिवाय पुढे देत नसे, पण या वेळी त्याला काही लावावंच लागलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, सूपच्या दुकानात बाईंनी वाडगा खाली ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं. सांग-गिलने हात पुसले नाहीत. तसाच काळ्या हातांनी बाजारात गेला. बाईंच्या दुकानात छतापासून मासे टांगलेले, आणि खाली बाई गिऱ्हाइकासाठी लाकडी दांड्याने एक मासा बडवत बसलेल्या.

"अध्यक्षीणबाई," तो म्हणाला. वीस वर्षं ताई म्हणणारा माणूस अध्यक्षीणबाई म्हणाला, तेव्हा गिऱ्हाईक मासा न घेताच सटकलं.

"बोला, प्यो मालक." बाईही तू सोडून तुम्हीवर आल्या. दोघांमधलं अंतर एवढ्यात मोजून झालं.

"मी चोर आहे असं म्हणालात?"

"चोर नाही म्हटलं. चोर एकदाच नेतो. मी म्हटलं, हा माणूस माझीच गाडी मला परत विकतोय, एकेक तुकडा करून."

"सेन्सर खोटे लावले मी?"

"खरेच लावलेत की. खरी वस्तू चुकीच्या ठिकाणी लावायचं तुम्ही किती घेता, एवढंच विचारलं."

सांग-गिलच्या बापाने याच गावात गॅरेज चालवलं होतं आणि बापाला लोक कुचका म्हणत, तिरसट म्हणत, पण तुकडे करून विकणारा असं कुणी म्हणालं नव्हतं. तो म्हणाला, गाडी एक दिवस माझ्याकडे द्या. उद्या संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही, तर मी त्याच दुकानात उभा राहून सांगेन की मला काम येत नाही.

"आणि सापडला तर दोष कुणाचा, ते तुम्ही त्याच दुकानात उभं राहून सांगायचं," त्याने पुढे जोडलं.

"मोठ्याने?" बाईंनी विचारलं.

"त्या दिवशी बोललात तेवढ्याच आवाजात."

बाईंनी किल्ली फेकली. हातात दिली नाही, फेकली. सांग-गिलनेही ती झेलली नाही. पडू दिली आणि मग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने शटर अर्धं ओढून घेतलं. गिऱ्हाइकांना बाहेरूनच परत पाठवलं. इंजिन चालू ठेवून तो एकेक वायर हलवून बघत होता. ही वायर, ती वायर, हा सांधा, तो सांधा. इंजिन आपलं थरथरत होतं, ना कमी ना जास्त. दुपारी त्याने जेवण केलं नाही. बाईंचं ते वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं आणि दर फेरीला त्याला एक नवं उत्तर सुचत होतं, काल सुचायला हवं होतं असं. शेवटी असं एक सणसणीत उत्तर सुचलं की ते द्यायला समोर कुणी नाही याचाच त्याला राग आला, आणि त्याने चालू इंजिनावर बॉनेट धाडकन आपटलं.

इंजिन शांत झालं.

बंद पडलं नाही. शांत झालं. नव्या गाडीसारखं एकसुरी चालायला लागलं.

सांग-गिलने बॉनेट उघडलं आणि पुन्हा आपटलं. थरथर परत आली. पुन्हा आपटलं, गेली. म्हणजे दोष सेन्सरात नव्हताच. सेन्सर खरं बोलत होते, पण त्यांचं बोलणं वाटेत कुठेतरी तुटत होतं. हादऱ्याने तार तारेला चिकटत होती आणि सुटत होती. दर वेळी सेन्सर बदलताना वायरी हलल्या, काही दिवस चिकटून राहिल्या, आणि स्कॅनरही फसला, सांग-गिलही. पण कुठे? हात लावला नाही अशी जागा या इंजिनात उरलीच नव्हती.

एक उरली होती. ती त्याच्या डोळ्यांसमोर होती, पहिल्या दिवसापासून.

इंजिनाच्या मागच्या अंगाला, वायरींच्या जाड जुडग्यावर, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला सुका मासा पसरला होता. डोळे उघडे, तोंड उघडं, गाडीची राखण करत. वसंतात संघटनेने चौदाही गाड्यांची पूजा एकदमच उरकली होती, सांग-गिलच्याच अंगणात. डुकराचं मुंडकं मांडलं होतं, चाकांवर तांदळाची दारू ओतली होती, आणि बाईंनी प्रत्येक गाडीला आपल्या दुकानातला एकेक मासा दिला होता, गलेलठ्ठ. राखणीचा मासा एकदा बांधला की त्याला कुणी हात लावत नाही. सांग-गिलने तीन खेपांना अख्खं इंजिन चाचपलं होतं, आणि तीनही वेळा त्याचा हात माशापाशी येऊन वळसा घालून गेला होता.

त्याने टोपी काढली, माशासमोर मान वाकवली, आणि दोरा सोडला.

मासा हातात आला तो वाळल्या पानासारखा हलका. वरून अख्खा, खालून पोकळ. पोटाच्या जागी चिंध्या, सीटचा कापूस आणि उंदराच्या लेंड्या. थंडी पडायला लागल्यावर उंदरांना उबदार इंजिन मिळालं होतं आणि घरात शिरताच ताटही वाढलेलं होतं. मासा संपत आल्यावर त्यांनी खालच्या वायरींवर दात चालवले होते. दोन सेन्सरांची सामाईक तार उघडी पडून, गंजून हिरवी झाली होती.

सांग-गिल मोठ्याने हसला. सापडलं. आता बाई सूपच्या दुकानात उभ्या राहणार आणि सांगणार, मासा माझा. तो टायरवर बसला, तो क्षण नीट चाखावा म्हणून. आणि मग त्याची नजर हातातल्या दोऱ्यावर गेली. दुहेरी पिळाची गाठ. त्याचा बाप मारायचा तशी. मासा बाईंचा होता, पण तो वायरींना बांधला होता सांग-गिलने, कारण दोरा ओवायला तीच जागा सोयीची होती. या गाडीत आणि उरलेल्या तेरा गाड्यांत.

तोंड मिटून घ्यायचं, सुटी तार म्हणायचं, आणि बाकीच्या गाड्या थरथरत एकेक करून दारात येऊ द्यायच्या. त्याने हाही हिशेब मांडला. मांडला नाही असं मुळीच नाही. बरा जमत होता. पण दर गाडीमागे ते वाक्य पुन्हा ऐकू येणार होतं, आणि तेव्हा ते खरं असणार होतं. त्याने बाईंना बोलावून घेतलं.

बाईंनी माशाकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, उंदीर काय, सगळीकडेच असतात. यात माशाला कशाला ओढायचं? चौदाही गाड्या तुझ्या, आजच सांगते सगळ्यांना.

"काल तुकडे विकत होतो," सांग-गिल म्हणाला, "आज गप्प बसण्याचे पैसे घेऊ? ठरलं होतं ते सांगा. कुणाचा दोष?"

"वायरींना बांध असं मी सांगितलं होतं?"

"उंदराला जेवण द्या असं मी सांगितलं होतं?"

"माझा माल चांगला म्हणून त्यांनी खाल्ला. पुलापलीकडच्याचा मासा उंदीर हुंगत पण नाहीत."

"मग हेच सांगा दुकानात."

"सांगते," बाई कडाडल्या. "मासा माझा म्हणून सांगते. आणि गाठ तुझी, तेही सांगते. त्याच आवाजात."

"सांगा. मी शेजारीच उभा राहतो."

आणि खरंच, बाजाराच्या दिवशी दोघं सूपच्या दुकानात शेजारीशेजारी उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. बाईंनी दोन्ही वाक्यं सांगितली, माफीचा शब्द मात्र गिळला. सांग-गिलने तिथल्या तिथे सगळ्या गाड्या अंगणात बोलावल्या. तेरा बॉनेटं उघडली. नऊ मासे पोकळ निघाले. बाजार हसायला लागला, आणि ते हसणं दोघांनाही चोर म्हणण्यापेक्षा जास्त झोंबलं. हसण्याला उत्तर देता येत नाही.

त्याने बाईंची आणि त्या नऊ, अशा सगळ्या गाड्यांच्या तारा जोडून दिल्या, फुकट, प्रत्येक मालकाला शिव्या घालत. वर्षाचं काम कुणाला द्यायचं हे ठरलं तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं नाही, आणि काम पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याला गेलं.

त्यानंतर एका सकाळी गॅरेजच्या पायरीवर झाकलेलं पातेलं होतं. आत वाफाळतं माशाचं सूप, बडवून मऊ केलेला मासा, मुळा, वर अंडं फोडलेलं. निरोप नाही. सांग-गिलने ते उभ्याउभ्याच खाल्लं, रागारागात, तळापर्यंत. मग पातेलं घासलं. कुणाचं भांडं रिकामं परत करायची त्या गावात रीत नाही. त्याने आत बाईंच्या गाडीतून काढलेले दोन जुने सेन्सर ठेवले, धडधाकट, काहीही न बिघडलेले, आणि नव्या सेन्सरांचे बाईंकडून घेतलेले पैसे त्यांच्याखाली दाबले.

तर शेवटचा हिशेब असा. सेन्सरांचे पैसे सांग-गिलने भरले, तारांचे त्यानेच, आणि चौदा गाड्याही त्याच्याच गेल्या. बाईंच्या खात्यावर चौदा मासे, एक पातेलं सूप आणि न दिलेलं एक मत. चोर हा शब्द सांग-गिलच्या नावावरून खोडला गेला आणि तिथे मूर्ख लिहिलं गेलं, ते त्याने भांडण न करता मान्य केलं. फुकट जेवले ते फक्त उंदीर.