थोरलीचं ‘बघू’ आणि धाकटीचं ‘डेफिनेटली’

पुढच्या खोलीत घरची माणसं जेवायची आणि मागच्या दोन खोल्यांत दुसऱ्यांच्या जेवणाची सोय व्हायची, असं सासरे गमतीने म्हणत. त्या मागच्या खोल्यांत दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि खोटे दात तयार होत. सासऱ्यांनी थोरल्या सुनेच्या हातात मेण कापायची सुरी दिली, ती नवी नवरी असतानाच. ते गेल्यावर सगळं काम तिच्या अंगावर आलं आणि तिने ते पेललं. सकाळी कामाला बसलं की क्षणभर डोळे मिटायचे, कुणाच्या तरी तोंडचा घास आपल्या हातून सोपा होवो, एवढंच मनात म्हणायचं आणि मग दिवा पेटवायचा, हा तिचा नेम. तो कधी चुकला नाही.

दुसरा नेम बोलण्याचा होता. डॉक्टरांनी विचारलं, शुक्रवारपर्यंत कवळी मिळेल का, तर ती म्हणे, “बघू.” नव्या डॉक्टरांना त्याचा राग येई. जुने मात्र ओळखून होते. थोरलीचं ‘बघू’ म्हणजे दुसऱ्या कुणाचं ‘झालंच समजा’.

मग धाकटी जाऊ कामात आली. आधी ती एका कंपनीत गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी करायची. तिची बोटं नाजूक आणि नजर तीक्ष्ण होती, त्यामुळे काम तिने भराभर उचललं. डॉक्टरांचे इंग्रजी निरोप वाचून उत्तरं देणंही आपसूक तिच्याकडे गेलं.

एकदा दाताच्या रंगाचा फोटो बघायला म्हणून थोरलीने तिचा फोन हातात घेतला, तर खालपासून वरपर्यंत प्रत्येक उत्तरात एकच लांबलचक शब्द. हा काय मंत्र आहे, असं तिने विचारलं. धाकटी हसली. म्हणाली, डेफिनेटली, म्हणजे नक्की, हमखास. पण इंग्रजीत तो जोर द्यायलाही घालतात. नुसतं ‘हो’ कोरडं वाटतं.

“म्हणजे मिठासारखं?”

“हो, तसंच.”

“मग तू शिऱ्यातसुद्धा घातलंयस,” थोरली म्हणाली. “अगं, या डॉक्टरांना तू गुरुवारचं डेफिनेटली दिलंस आणि त्यांच्या पेशंटच्या तोंडाचा साचा अजून आपल्या दारातसुद्धा आलेला नाही.”

धाकटीचे कान लाल झाले. शब्द मागे घेता येत नव्हता, म्हणून त्या आठवड्यात दोघींनी जेवणं उभ्याउभ्या उरकली आणि गुरुवार पाळला. त्यानंतर थोरलीने शांतपणे सांगितलं, की हा शब्द दात डबीत बंद झाल्यावर वापरायचा, त्याआधी नाही. आणि सासऱ्यांच्या वेळचा रिवाजही ऐकवला: या घरात जो शब्द देईल, ते काम त्यानेच शेवटपर्यंत करायचं. धाकटीने मान डोलावली. तिचे निरोप त्या दिवसापासून इतके रुक्ष झाले, की एका डॉक्टरांनी घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

अशात एका मुख्याध्यापिका बाईंना डॉक्टरांनी रंग जुळवायला पाठवलं. जिन्यात पडून त्यांचे वरचे पुढचे चार दात गेले होते. शनिवारी शाळेत त्यांचा निरोपसमारंभ होता. थोरलीने त्यांना खिडकीजवळ बसवलं. रंग बघण्यापुरता त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि लगेच परत धरला. रुमालाआडूनच त्यांनी विचारलं,

“शनिवारी मला बोलता येईल का हो?”

“बघू,” थोरली म्हणाली.

बाई उठल्या. पर्स उचलताना म्हणाल्या, की मग भाषण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगते, मी नुसती बसेन. जन्मभर ज्यांना मोठ्याने बोला म्हणून सांगितलं, त्यांच्यासमोर मी तोंड झाकून बसेन, असं काही त्या म्हणाल्या नाहीत, पण ते दोघींनाही ऐकू आलं.

त्या दारापर्यंत पोचल्या आणि धाकटीच्या तोंडून निघालं, “डेफिनेटली, बाई. शनिवारी तुम्हीच बोलणार.”

बाई वळल्या. रुमाल खाली आला. चार दातांची ती मोकळी जागा तशीच दिसत असताना त्या हसल्या आणि तशाच रस्त्यावर उतरल्या.

दार लागल्यावर थोरली उठली. तिने डॉक्टरांकडून आलेली बाईंच्या साच्याची पेटी उचलली आणि धाकटीपुढे ठेवली. धाकटीने आजवर तिच्या नजरेखालीच काम केलं होतं, एकटीने कवळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी केली नव्हती.

“ताई, रागावलात?”

“रिवाज आहे तो. त्यात राग कसला?” थोरली म्हणाली. पण हे बिघडलं तर बाईंचा शनिवार जाईल आणि घराचं नावही जाईल, हे तिला दिसत होतं.

धाकटीने मेणात दात लावले. थोरलीने लांबूनच पाहिलं. ओळ अशी सरळ होती, की सासऱ्यांनीही मान डोलावली असती. त्यांच्याकडचे दात म्हणजे मोत्यांची ओळ, ही शहरभर ख्याती होती आणि थोरलीला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांनी बाईंच्या तोंडात तो मेणाचा नमुना बसवला. आरसा पाहून बाई खूश झाल्या. मग डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे त्यांना आकडे म्हणायला लावले आणि ‘सहासष्ट’चं ‘शहाशष्ट’ झालं. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. बाईंचा हात रुमालाकडे गेला.

डॉक्टर म्हणाले, सवयीने जाईल, महिनाभरात. शनिवार परवावर आला होता. थोरलीने जवळ जाऊन ओळ तपासली, दातांवर दात कसे बसतात ते पाहिलं. खोट काढावी असं काही नव्हतं. ही वेळ गप्प राहायची, असं तिला वाटलं.

धाकटी मात्र बाईंसमोर गुडघ्यांवर बसली. तिने सांगितलं, आकडे सोडा, वर्गात शिरल्यावर तुम्ही काय म्हणायचात ते म्हणा. बाई म्हणाल्या, “शगळ्यांनी शरळ बशा.” धाकटी हसली नाही. ती त्यांच्या जिभेकडे बघत होती. जीभ दरवेळी मधल्या दोन दातांशी जाऊन काहीतरी शोधत होती.

“बाई, तुमच्या समोरच्या दातांत फट होती का?”

बाई लाजल्या. होती, म्हणाल्या. लहानपणी सगळे चिडवायचे. नवे दात होतच आहेत तर ती बुजवून टाका, असं त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं होतं.

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. विचारायचं काय होतं, ते थोरलीला कळलं. या घरातून फट असलेली ओळ आजवर गेली नव्हती. आपल्या हातचे दात बघून उद्या कुणी म्हणेल, हात थरथरला वाटतं. ते गिळायला तिला थोडा वेळ लागला.

“शब्द तुझा आहे,” ती म्हणाली. “काम तुझं आहे. कर.”

धाकटीने सुरी गरम केली, मेण सैल केलं आणि मधले दोन दात किंचित दूर सारले. फार थोडे, कागद जाईल न जाईल इतके. बाईंनी नमुना तोंडात धरला.

“सहासष्ट,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनी सरळ बसा.”

डॉक्टर खरोखरच सरळ बसले.

बाईंनी आरसा मागितला. बराच वेळ पाहिलं. “हे बरं,” त्या म्हणाल्या. “मघाशी कुणीतरी दुसरीच होती.”

घरी येताना रस्ता ओलांडण्यासाठी दोघी थांबल्या, तेव्हा थोरलीने विचारलं, की ओळीत खोट नसताना तुला फटीचं सुचलं कसं? धाकटी म्हणाली, फोनवरच्या नोकरीत माणूस दिसत नसे, नुसता आवाज. आवाज कुठे अडतो ते कळायला लागतं. मग हळूच म्हणाली,

“ताई, त्या दिवशी तो शब्द मी कामासाठी नव्हता वापरला. त्यांच्या रुमालासाठी वापरला.”

थोरली विचारात पडली. एवढी वर्षं आपण ‘बघू’ म्हणत आलो ते आपला शब्द खाली पडू नये म्हणून. ऐकणारा तो घेऊन घरी कसा जात असेल, रात्री कसा झोपत असेल, हे कधी मनात आलंच नव्हतं. जोर स्वतःच्या खात्रीसाठी असतो, असं ती धरून चालली होती. तो समोरच्याला हात दिल्यासारखाही देता येतो. फक्त दिल्यावर हात सोडायचा नाही, आणि या मुलीने तो सोडला नव्हता. तिने धाकटीचं कोपर धरलं आणि रस्ता ओलांडला.

शुक्रवारी मेणाच्या जागी पक्का लगदा भरून कवळी शिजली, घासली, चमकली. थोरलीने एकदाही हात लावला नाही. नुसतं बघत राहणं तिला फार जड गेलं.

शनिवारी बाईंच्या आग्रहाने दोघी शाळेच्या सभागृहात गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. बाई उभ्या राहिल्या. रुमाल कुठेच नव्हता. त्या बोलल्या, मुलांना हसवलं, एका जुन्या शिपायाचं नाव घेऊन त्याला उभं केलं, आणि सगळे स, सगळे श आपापल्या जागी येत होते. धाकटी प्रत्येक शब्द बाईंच्या मागोमाग मनातल्या मनात म्हणत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने डोळे पुसले.

शेजारच्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, की बाईंच्या विद्यार्थिनी का तुम्ही?

थोरलीने नाही म्हटलं. पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडातलं काम, त्याची बढाई कुठे मारायची? ते तिने जन्मभर असंच गिळलं होतं. पण आज ते नुसतं गिळवेना.

“ही माझी धाकटी जाऊ,” ती म्हणाली.

गृहस्थांनी पुढचं ऐकायला मान पुढे केली. पुढचं काही नव्हतं. थोरली ताठ बसून टाळ्या वाजवत राहिली.