वास नसलेलं पाणी

गुरुलिंगनं काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब सोडले आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी गर्द पिवळं झालं. क्लोरिन भरपूर होता. खाली हौदात तलावाचं पाणी पडत होतं, चहाच्या रंगाचं, कुजक्या पाल्याचा दर्प घेऊन. सत्त्याहत्तरचा उन्हाळा, तलावाचा तळ दिसू लागला होता. असल्या पाण्यात क्लोरिन वाढवण्यावाचून इलाज नव्हता. मागल्या पटकीच्या साथीत शेजारच्या सारजाबाईंची लेक गेली होती, तान्ही पोर मागं ठेवून.

पण पाणीपुरवठा खात्याच्या पुण्याच्या बैठकीतून आल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. बायकोला, हेमावतीला, दिवस गेले होते. शेवटी त्या आठवड्यात त्यानं तिला सांगितलं,

"आजपासून पाणी उकळून पी. झाकण ठेवू नकोस, वाफ जाऊ दे."

"का? पाणी तुम्हीच सोडता की."

"कुजक्या पाल्याच्या पाण्यात क्लोरिन पडला की त्यात क्लोरोफॉर्म तयार होतो. परदेशात उंदरांना त्यानं कॅन्सरच्या गाठी झाल्या. माणसांचं अजून कुणाला माहीत नाही."

हेमावतीचा हात नकळत पोटावर गेला.

"मग बायकांना सांगायला नको?"

"नको. रॉकेल मिळायची मारामार. उकळणार कुणी नाही, सगळ्या आडावर जातील."

तिनं मान डोलावली. पण सकाळी नळावर सारजाबाई नातीसाठी कळशी भरताना दिसल्या, आणि तिला राहवलं नाही.

दोन-चार दिवसांनी गुरुलिंग दुपारीच घरी आला, तर पटकीनंतर बंद केलेल्या गल्लीमागच्या आडावरच्या फळ्या काढलेल्या. आडाला लागूनच गटार वाहत होतं. बायका पोहरे सोडत होत्या. विणकराच्या घरच्या पार्वतम्मानं हसून तांब्या पुढं केला.

"घ्या सायेब. वास न्हाई बघा. लई ग्वाड पानी."

"कधीपासून भरताय?"

"सोमवारपासनं. तुमच्या मंडळींनीच सांगितलं की, नळाच्या पान्यात इख हाय म्हनून."

गुरुलिंगनं तांब्या तिच्या हातून घेतला, पालथा केला. गल्लीतल्या नळाखाली धरला, भरला, आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला.

"मी रोज तपासतो. काही नाही त्यात. ओता ते आडाचं पाणी."

सारजाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"खरं सांगताय न्हवं?"

"व्हय," तो म्हणाला. शहरातल्या इतक्या वर्षांत गावाकडचं 'व्हय' त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

एकेक करून बायकांनी घागरी गटारात रिकाम्या केल्या. सारजाबाईंनी सगळ्यात शेवटी केली.

दिवेलागणीला हेमावती त्याच्यासमोर ताट ठेवून भिंतीला टेकून बसली.

"पोरीला पाणी उकळून द्या, एवढंच म्हणाले होते हो मी."

"माहीत आहे मला."

भिंतीपलीकडं पोर किरकिरली. सारजाबाईंची पावलं घाईनं मोरीकडं गेली, पाणी ओतल्याचा आवाज आला. गुरुलिंगचा घास हातातच राहिला. थोड्या वेळानं पुन्हा पावलं, पुन्हा पाणी. या खेपेला पोर रडली नाही.

गुरुलिंगनं ताट सरकवलं, तसाच उष्ट्या हातानं चपला घातल्या आणि पोरीला दवाखान्यात न्यायला टांगा आणायला निघाला.