हळदीच्या धाग्याची तपासणी

लोह्याच्या अलीकडच्या त्या गावात मारुतीचा पार सकाळपासून फुलून गेला होता. गुंडप्पा महाराज एचआयव्ही तपासत होते, तेही सुईशिवाय! मनगटाला पिवळा धागा बांधायचा, त्यावर ‘परीक्षाजल’ शिंपडायचं. धागा लालभडक झाला की रोग पक्का. मग मंत्र, मग ‘मोक्षजल’, की धागा पुन्हा पिवळा. रोगी ठणठणीत!

गावच्या आरोग्यसेविका, आशाताई म्हणून काम करणाऱ्या चतुराबाई मागे उभ्या राहून चरफडत होत्या. दोन महिन्यांपूर्वी ट्रकड्रायव्हर बजरंगला नांदेडला नेऊन एचआयव्हीच्या गोळ्या त्यांनीच सुरू करून दिल्या होत्या. त्याची बायको सुकन्या निगेटिव्ह निघाली होती. घरच्यांचं शहाणपण असं, की बजरंगचं ताट लगेच वेगळं केलं आणि अंथरूण एकच ठेवलं. आज महाराजांनी त्याच बजरंगला माइकपुढे उभं केलं होतं.

“परवाच ह्याच पारावर बरा केला ह्याला!” महाराज गरजले. “गोळ्या बंद, निरोध बंद! हा रोग बाजारच्या बाईचा. घरच्या लक्ष्मीला कशाला होतोय? गड्यागड्यात तर न्हाईच न्हाई. फक्त ताट एकवीस दिवस वेगळं ठेवा.”

“बरा झाला, तर ताट कशापायी वेगळं?” चतुराबाईंनी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांची समाधी लागत असे.

चतुराबाई तरातरा पुढे गेल्या. एक धागा उचलून त्यांनी महाराजांच्या खडावांना बांधला आणि त्यावर परीक्षाजल ओतलं. धागा लालभडक!

“अगं बया, खडावांनाबी झाला की!” एक म्हातारी ओरडली आणि पार हसून लोटपोट झाला.

“बायांनो, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतंय?” चतुराबाईंनी विचारलं.

“लाल होतंय की!”

“मग? धागा हळदीचा, पाण्यात पानाचा चुना. मोक्षजलात लिंबू हाय, चाखून बघा.”

घरी रोज हा चमत्कार धुणाऱ्या बाया पारावर हात जोडून बसल्या होत्या!

“आता लाज सोडून ऐका,” चतुराबाई म्हणाल्या. “ताटातून, मिठीतून, मुक्यातून हा रोग जात न्हाई. तोंडाच्या संबंधात धोका लई कमी. निरोधाबिगर नवराबायकोच्या नेहमीच्या संबंधात धोका खरा. अन् मागच्या वाटेनं सगळ्यात जास्त, मग समोर बाई असो का गडी. गोळ्या नेमानं घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, अन् तसाच राहिला, तर संबंधातून जात न्हाई. पण ते डॉक्टर तपासून सांगतेत, धागा न्हाई.”

सुकन्या उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “परवा तुम्ही म्हणलात, बरा झालो,” ती बजरंगला म्हणाली. “मी इश्वास ठेवला, निरोधाबिगर जवळ आले. आता माझं काय?”

महाराज गुपचूप पिशवी आवरू लागले.

“बहात्तर तासाच्या आत गेलं तर डॉक्टर बचावाच्या गोळ्या देऊ शकतेत,” चतुराबाईंनी तिचा हात धरला. “जितकं लवकर तितकं बरं. चल, आत्ताच निघू. बजरंग, तूबी चल, तुझ्या गोळ्या परत चालू करायच्यात.”

तिघं नांदेडच्या जीपमध्ये बसले. सुकन्या वाटभर तास मोजत होती. ताटाचा तो साधा प्रश्न परवाच त्या पारावर कुणी विचारला असता, तर तिच्यावर ही पाळी आली नसती. तेव्हा विचारा, मोठ्यानं विचारा आणि वेळेवर विचारा.