चुन्याची रेघ

भागूबाईने दगड मागच्या चाकाला लावला, पदराला हात पुसले आणि मान वर केली, तेव्हा सगळे तिच्याकडेच पाहत होते.

लाल निशाण धरलेले लेलेसाहेब. शर्यतीच्या गाडीत बसलेला ज्ञानू मिस्त्री. आणि वळणावर बैल धरून उभा असलेला तिचा नवरा गेनबा.

“बाई, हे काय केलंत?” लेलेसाहेब म्हणाले.

“दगड लावला.”

“पण का?”

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. वरंध घाटाच्या चढावर गाडी थांबली की चाकाला दगड लावायचा. जांभई देणाऱ्यापुढे चुटकी वाजवावी, तितकं ते हाताच्या सवयीचं. गेनबा चढणाऱ्या गाड्यांना आपली बैलजोडी जादा जुंपायचा आणि ती मागून दगड घेऊन चालायची. मिठाची गाडी असो, नाही तर अलीकडे निम्म्या घाटात धापा टाकणारी एखाद्या साहेबाची मोटार असो. वीस वर्षं हेच चाललं होतं.

“गाडी थांबली व्हती,” ती म्हणाली.

“अहो, थांबायचीच होती!” साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. “इथं गाडीनं आपण होऊन थांबायचं, मागं न सरता परत निघायचं. हीच तर आमच्या मोटार क्लबाची परीक्षा. बाहेरचा हात लागला की चढ बाद.”

ज्ञानूने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. कामथडीचा हा तिशीतला मिस्त्री गेली दोन वर्षं या एका गाडीच्या मागे लागला होता. मालक मानसिंगराव पाहुणे घेऊन घाटमाथ्यावर बसले होते. त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, की आज चढली तर ठेवू, नाही तर सोमवारी मुंबईला मोडीत.

“मावशे,” ज्ञानू म्हणाला. पुढे काहीतरी कडक यायचं होतं, ते त्याने गिळलं. “हिला दगड लागत न्हाई.”

“समदे असंच म्हणत्यात. मग दरीत जाऊन गप बसत्यात.”

“हिकडं या.” त्याने तिला पुढच्या चाकापाशी नेलं आणि आतली तेलकट तार बोटाने दाखवली. “बाकीच्या गाड्यांना मागल्या दोनच चाकांना ब्रेक. हिच्या चारीला. मोठ्या लढाईच्या आदी फ्रान्सात पळालेली गाडी हाय ही. तवा समदे म्हनायचे, जोरात पळंल ती जितंल. ह्या असल्या गाड्यांनी दावून दिलं, की ज्याला थांबता येतं त्यालाच जोरात पळता येतं. मोडीत घालायची व्हय असली गाडी?”

भागूबाईने चाकाकडे पाहिलं. गाडी तिच्यापेक्षा बुटकीच होती. तांबड्या रंगावर ठिकठिकाणी भोरच्या लोहाराच्या हातची डागडुजी दिसत होती. चार चाकं, चार ब्रेक. खरं वाटलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

लेलेसाहेबांनी घड्याळ काढलं. “आणखी एकदा. शेवटचं. पायथ्यापासून.”

ज्ञानू पुढचं ऐकायला थांबलाच नाही. गाडी वळवून तो उताराला लागलासुद्धा.

साहेबांनी चुन्याची पिशवी घेऊन रस्त्यावर आडवी रेघ मारली. “मागचं चाक या रेघेच्या पुढं थांबायला हवं. रेघ ओलांडून मागं आलं की संपलं. मला समोर निशाण धरून उभं राहावं लागणार, मागचं दिसायचं नाही. तुम्ही इथंच असणार. रेघेवर नजर ठेवा. दगडाला हात लावायचा नाही आणि दिसेल ते सांगायचं. जमेल?”

“डोळे हायेत मला,” ती म्हणाली.

साहेब पुढे गेले तसा गेनबा जवळ आला.

“रेघ वलांडली म्हनून सांग.”

“का म्हनून?”

“अगं, येडी का खुळी तू? ही अशी चढून गेली तर उद्या दुसरी येईल, परवा तिसरी. आपल्या बैलांना कोन बोलवनार? अडकली तर आजच आपली जोडी लागती वढायला.”

“बगू.”

“बगू न्हाई. सांग.”

रस्त्याच्या कडेला, कठड्याचे दोन दगड ढासळले होते तिथे तिची नजर गेली आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. अकरा वर्षांपूर्वी तिथूनच गेनबाचा धाकटा भाऊ सावळा भाताच्या गाडीसकट खाली गेला होता. दगड तिच्या हातात होता. चाकापाशी पोचायला तिला दोन पावलं कमी पडली होती. गेनबा त्यावर तिला कधी एक शब्द बोलला नाही. ती मात्र त्यानंतर कुठल्याही गाडीमागे दोन पावलांहून जास्त अंतर पडू देत नसे.

खालून आवाज आला. आधी डबा घासल्यासारखा, मग सगळा डोंगर घुमवणारा. बैल बुजले. गेनबाने कासरे आवळले. तांबडी गाडी वळणावर वर आली, साहेबांनी निशाण पाडलं आणि ज्ञानूने ब्रेकवर पाय दाबला.

गाडी थांबली.

आणि मग सरली. मागे, हळूच.

भागूबाई कधी वाकली ते तिला कळलं नाही. बोटं दगडाला टेकली होती. समोर चाक, चाकामागे पांढरी रेघ. तिने दोन्ही मुठी आवळून पोटाशी धरल्या आणि डोळे मिटायचे ते ताणून उघडे ठेवले. चाक रेघेला लागलं. तारा कुरकुरल्या. चाक थांबलं.

इंजिन धडधडत होतं. गाडी तिथल्या तिथे उभी होती. तिला कुणीही धरलेलं नव्हतं.

“बाई!” साहेब समोरून ओरडले. “काय झालं?”

ज्ञानूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. गेनबानेही.

“सरली!” भागूबाई म्हणाली. “बोटभर सरली मागं.”

ज्ञानूची मान खाली गेली.

“रेघ ओलांडली का?”

“न्हाई. रेघंला शिवली आन् थांबली.” तिचा आवाज चढला. “सायेब, नीट लिवा. तिची तीच थांबली. वीस वर्सांत हितं एक गाडी म्या आपली आपन थांबलेली बगितली न्हाई. कुनाच्याच हातात काय नव्हतं, आन् ती थांबली!”

लेलेसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निशाण वर केलं.

गाडीने धूर सोडला. यावेळी ती बोटभरही मागे आली नाही. वळण घेऊन वर गेली, दिसेनाशी झाली, आणि बराच वेळ नुसता आवाज वरवर चढत राहिला.

गेनबा बैलांच्या पाठीवर हात फिरवत होता. बैल केव्हाच शांत झाले होते.

“आता कुनी बोलवायचं न्हाई आपल्याला,” तो म्हणाला.

“न्हाई तर न्हाई,” भागूबाई म्हणाली.

तो तिच्याकडे पाहायला लागला. ती ढासळलेल्या कठड्यापाशी जाऊन, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, खाली दरीत बघत होती.