तारमास्तरांचे जावई

"अहो, ते असं ओढायचं नसतं," तारमास्तर म्हणाले आणि दात आवळून हसले.

जावयाने स्विचमधलं मॉड्यूल केबलसकट उपटायचा घाट घातला होता. मॉड्यूल म्हणजे बोटाएवढी धातूची डबी. ती स्विचच्या खाचेत, म्हणजे पोर्टमध्ये, बसवायची आणि मग तिच्यात काचेच्या तंतूची केबल खोचायची. काढताना उलटं. आधी केबल, मग डबीची इवलीशी कडी खाली, मग अलगद बाहेर. हे सकाळपासून कितीदा तरी सांगून झालं होतं. दुसरा कोणी असता तर एव्हाना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

"सॉरी हं, मामा."

"छे छे, सॉरी कसलं! होतं असं सुरुवातीला," तारमास्तर म्हणाले.

हॉस्पिटल मोठं होतं. तळमजल्यावरच्या नावनोंदणीपासून वरच्या ऑपरेशन थिएटरपर्यंतचा प्रत्येक संगणक शेवटी या खोलीतल्या कपाटाला येऊन मिळायचा. कपाटातला जुना स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी, थकला होता, त्याच्या जागी नवा आला होता, आणि जुन्यावरच्या केबल्स एकेक करून नव्यावर हलवायच्या होत्या. तारमास्तर हे नाव एका म्हाताऱ्या सर्जनने चेष्टेत ठेवलं होतं. यांनी ते पदवीसारखं मिरवलं. त्यांच्या कपाटातल्या केबल्स तेल लावून वेणी घातल्यासारख्या असत, आणि कोणी नुसतं कौतुकाने बोट लावायला गेलं तरी ते खेकसत, "लांबून बघा! देवळात आलात का घंटा वाजवायला?"

शिव्या ही त्यांची शिकवायची रीतच होती. त्यांच्या हाताखालून गेलेले आज मोठमोठ्या ठिकाणी होते आणि भेटले की म्हणत, मास्तर, तुमची ती एक शिवी अजून कानात आहे, म्हणून हात चुकत नाही. पण जावयाला शिवी द्यायची कशी? बायकोने पहिल्याच दिवशी डबा हातात देताना बजावलं होतं.

"तिथे तोंड आवरा. तुमच्या जिभेला हाड नाही. तुम्ही कामावर बोलाल आणि ते घरी कोणावर निघेल, कळतंय ना?"

कळत होतं. कळत नसतं तर बरं झालं असतं. जावई वाईट नव्हते, पण कुठे टिकतही नव्हते. एक नोकरी वरिष्ठांशी भांडून गेली, दुसरी आपोआप गेली. त्यानंतर लेक बॅग घेऊन माहेरी आली आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तारमास्तरांनी जन्मात कोणाची मनधरणी केली नव्हती. ते व्यवस्थापक बाईंच्या केबिनमध्ये जाऊन हात जोडून उभे राहिले, आणि जावयाला सहा महिन्यांच्या बोलीवर आपल्या हाताखाली घेतलं. लेक परत सासरी गेली. आता हे सहा महिने धड पार पडले की जावई कायम, आणि लेकीचं घर पुन्हा उभं. तारमास्तरांना दुसरं काही नको होतं.

कपाटाच्या कडेला एक पिवळी वायर लोंबत होती. तिचं एक टोक स्विचमध्ये कायम खोचलेलं, दुसरं मोकळं, खुंटीवर अडकवलेलं. कुठे बिघाड झाला की मोकळं टोक लॅपटॉपला लावून बघायचं, ही तारमास्तरांची जुनी सवय. नव्या पोराला ते पहिल्याच दिवशी ती वायर दाखवत आणि सांगत, "हे टोक परत याच स्विचमध्ये घातलंस तर बोटं छाटीन." एकाच स्विचची दोन तोंडं एकमेकांना जोडली की संपलंच. दोन बहिरे समोरासमोर बसून "काय? काय?" करत राहावेत, आणि तिसऱ्या कोणाला शब्द काढायला जागा मिळू नये, तसं होतं. हे आपोआप अडवायची सोय नव्या स्विचमध्ये होती. पण सगळ्या केबल्स लावून झाल्यावर सावकाश चालू करू, असं तारमास्तरांनी ठरवलं होतं.

जावयाला त्यांनी सांगितलं ते एवढंच.

"ती पिवळी... तिचं काही नाही. असू द्या तशीच."

दुपारी रक्ततपासणीच्या खोलीतून निरोप आला, की तिथला एक संगणक जोडला जात नाहीये. तारमास्तर बघायला वर गेले. भिंतीतली खोबण सैल झाली होती. ती नीट बसवून ते कपडे झटकत उठतात तोच शेजारच्या मुलीच्या पडद्यावरचं चित्र थिजलं. मग तिच्या पलीकडचं. मग बाहेर कोणाचा तरी आवाज चढला, "अहो, सगळंच बंद पडलंय!"

तारमास्तर या वयात जिन्यावरून कसे उतरले ते त्यांचं त्यांना ठाऊक. खोलीत पाऊल टाकलं तर स्विचवरचे सगळे दिवे एका तालात, पिसाळल्यासारखे लुकलुकत होते. खुंटी रिकामी होती. पिवळी वायर सुबक वळसा घेऊन, वर चिमटा लावून, स्विचच्याच दुसऱ्या पोर्टमध्ये खोचलेली होती. त्यांनी ती हिसडून काढली. दिवे हळूहळू ताळ्यावर आले.

"तुम्ही लावलीत?"

जावई पांढरेफटक पडले होते.

"लोंबत होती, मामा. बाई पाहुण्यांना घेऊन नवा स्विच दाखवायला येणार होत्या ना, वाईट दिसत होतं. मला वाटलं, जोडायची राहून गेली."

तारमास्तरांच्या ओठांवर अख्खा शब्दकोश येऊन उभा राहिला. तो त्यांनी गिळला. तेवढ्यात दारात व्यवस्थापक बाई आल्या, त्यांच्यामागे पाहुणे, आणि त्यांच्याही मागे हिरव्या टोपीतले एक डॉक्टर, मास्क हनुवटीवर ओढलेला.

"टेबलावर पेशंट आहे आमचा," डॉक्टर ओरडले. "वर सर पोट उघडून उभे आहेत आणि स्कॅन दिसत नाही! हा काय पोरखेळ आहे?"

"आता दिसेल, डॉक्टर. सुरू झालंय," तारमास्तर म्हणाले.

डॉक्टर धावत गेले. बाई गेल्या नाहीत.

"कोणी केलं हे?"

जावयाची नजर जमिनीवर होती. तारमास्तरांना मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली लेक दिसली.

"माझ्या हातून झालं," ते म्हणाले. "चुकून जोडली."

"तुमच्या हातून?" बाईंचा विश्वास बसेना. त्या क्षणी जावयाने मान वर केली असती, नुसतं "नाही हो" म्हटलं असतं, तरी तारमास्तरांनी त्याला दामटून गप्प बसवलं असतं. त्यांची तेवढी तयारी होती. पण ती वेळच आली नाही.

पेशंट वाचला. नाहीतर गोष्ट वेगळी झाली असती. पण पाहुण्यांसमोर नाचक्की झाली ती झालीच. आठवड्याभराने बाईंनी तारमास्तरांना बोलावलं, समोर बसवलं, पाणी दिलं. पाणी दिल्यावरच त्यांना अंदाज आला.

"वय कोणाला चुकलंय, मास्तर? डोळे थकतात, हात थकतात. तुम्ही आता स्टोअर सांभाळा. निवृत्तीपर्यंत आरामात राहा. आणि तुमच्या जावयांनाच इथे बसवते मी, मग तर झालं?"

कपाटाची किल्ली त्यांनी स्वतः जावयाच्या हातात दिली. जावयाने ती घेतली आणि वाकून नमस्कार केला. तारमास्तरांना वाटलं, आज संध्याकाळी येईल घरी, बोलेल काहीतरी. संध्याकाळी कोणी आलं नाही. मग वाटलं, रविवारी येईल. रविवारी लेक आणि जावई दोघं आले, जेवले, हसलेखेळले, गेले. तारमास्तरांनी मनाला समजावलं. पुरुषाला लाज वाटते, शब्द फुटत नाही. आणि लेकीला तर यातलं काहीच माहीत नाही, ती बिचारी काय बोलणार? पुढेमागे कळेल कधीतरी तिला, आपल्या बापाने काय केलं ते. या एका विचारावर त्यांनी स्टोअरच्या धुळीत महिने काढले. खोक्यांवर खोकी रचायची, मागितली वस्तू काढून द्यायची. ज्या माणसाला लोक लांबून बघायचे त्याला आता लोक म्हणत, "मास्तर, जरा स्टुलावर चढून तो डबा काढता का?"

जावयाचे सहा महिने धड पार पडले. ते कायम झाले, त्यांच्या हाताखाली दोन मुलं आली. तारमास्तर केबलचं भेंडोळं द्यायला म्हणून त्या खोलीशी गेले, तेव्हा आत जावई त्या मुलांना स्विच दाखवत होते. दार लोटलेलं होतं.

"हे टोक याच स्विचमध्ये कधी खोचायचं नाही," जावई सांगत होते. "आमच्या सासरेबुवांनी खोचलं होतं. अख्खं हॉस्पिटल आडवं! म्हातारं माणूस, काय बोलणार? सांभाळून घेतलं आम्ही."

मुलं खिदळली. जावईही हसले.

तारमास्तरांनी भेंडोळं दाराबाहेर ठेवलं आणि आले तसे परत गेले. स्टोअरमध्ये जाऊन बसले. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. किल्ली गेली, तेही चाललं. पण हे? खाल्ल्या घरचे वासे मोजायचे, ते मोजायचे आणि वर हसायचं? बास झालं. उद्या सकाळी बाईंकडे जायचं आणि जे घडलं ते सांगायचं. पण त्याआधी लेकीला सांगायला हवं होतं. तिला दुसऱ्याकडून कळायला नको.

ते हॉस्पिटलमधून थेट लेकीकडे गेले. तिने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला.

"बाबा! आधी कळवायचं नाही का? बसा, चहा टाकते."

ते खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसले. घर नीटनेटकं होतं. नवे पडदे लागले होते. लेकीच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं, आवाजात जीव आला होता. क्षणभर त्यांना वाटलं, चहा प्यावा आणि निघावं. मग ते खिदळणं पुन्हा कानात वाजलं.

चहा आला. लेक समोर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली.

"उद्या मी बाईंना भेटणार आहे," तारमास्तर म्हणाले. "त्या दिवशीचं खरं काय ते सांगून टाकणार आहे."

कसलं खरं, असं ती विचारेल म्हणून ते थांबले. कुठून सुरुवात करायची ते त्यांनी वाटेत घोकून ठेवलं होतं. लेकीने विचारलं नाही. तिने शर्टाची घडी घातली, ती बिघडली, म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"नका सांगू, बाबा," ती म्हणाली.

तारमास्तरांनी कप खाली ठेवला.

"तुला माहीत आहे?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं त्याने. रडत होता. म्हणाला, आत्ताच्या आत्ता जातो आणि बाईंना सांगून टाकतो. चप्पल घालून दारात उभा होता." तिने शर्टावरून हात फिरवला. "मीच नको म्हटलं. म्हटलं, तू गप्प राहा. बाबा कोणाला काही सांगायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"तू म्हणालीस," तारमास्तर म्हणाले.

"तुमचं सगळं होऊन गेलं होतं ना, बाबा. तुमचं असं कितीसं राहिलं होतं? आमचं सगळंच व्हायचं होतं." आता तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता. "आता तिथे सगळे त्याला साहेब म्हणतात. घरी येतो तो हसत येतो. मला नाही पुन्हा त्या मागच्या खोलीत यायचं."

तारमास्तरांना खूप बोलायचं होतं. तो तुझ्या बापाला हसतो, हे सांगायचं होतं. ते तिलाही माहीत असलं तर, असा विचार मनात आला आणि त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

बेल वाजली. लेकीने पदराने डोळे टिपले आणि लगबगीने दार उघडलं. जावई आत आले. सासऱ्यांना बघून एक पाऊल अडखळले, मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे सैल झाले.

"अरे वा, मामा! आज कसे काय?"

तारमास्तर आरामखुर्चीचे हात धरून उठले.

"सहज आलो होतो," ते म्हणाले. "या, इथे बसा तुम्ही. दमून आला असाल."