ताटं उचलेपर्यंत

टाचणीभोवती गंजाचं वर्तुळ होतं, व्यास साधारण तीन मिलिमीटर. आमच्या कचेरीतल्या भिंतभर नकाशावर दोनशे अकरा टाचण्या होत्या आणि त्यांतली ही एकच गंजली होती, कारण तिच्यामागे भिंतीला ओल होती. टाचणी बदलायची तर त्या विधेयकाची सद्यस्थिती नव्याने नोंदवायची, असा नियम होता. म्हणून मंगळवारी सकाळी मी विधिमंडळाच्या ग्रंथालयात फोन केला.

"एकशे अठरा क्रमांक?" पलीकडची बाई म्हणाली. "विवाह पुनर्विचार. ते झालं की मंजूर. तीन वर्षं होत आली आता."

मी तारीख विचारून घेतली. वजाबाकी केली, मग बेरीज करून ताळा पाहिला. कायदा लागू होऊन एक हजार सत्तावीस दिवस झाले होते.

आमची संस्था कुटुंबाच्या रक्षणासाठी होती. लग्न, विभक्त होणं, मुलांचा ताबा, म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी, असल्या विषयांवर सात राज्यांत येणाऱ्या प्रत्येक विधेयकावर आम्ही नजर ठेवायचो. इथे येण्याआधी आठ वर्षं मी शेवाळाच्या वाढीवर संशोधन केलं होतं. जवळजवळ न हलणाऱ्या गोष्टींकडे मी न कंटाळता बघू शकते, हे मुलाखतीत त्यांना फार आवडलं होतं.

पुढे सरकणाऱ्या विधेयकाला हिरवी टाचणी, आम्हाला नको असलेल्याला लाल, आणि सहा महिने न हललेल्याला करडी. मंजूर झालेल्याला रंग नव्हता. संस्थेच्या चौदा वर्षांत आम्हाला हवं असलेलं एकही विधेयक मंजूर झालं नव्हतं. रंग ठरवायची बैठक दोनदा बोलावली होती, ती गणसंख्येअभावी दोनदा तहकूब झाली. एकशे अठरा क्रमांकाचं विधेयक अधिवेशनाच्या शेवटच्या दुपारी इतर चाळीस विधेयकांबरोबर आवाजी मतदानाने मंजूर झालं, त्या दिवशी आमची भिंत रंगवायला काढली होती. मंजूर झालेलं विधेयकही हलत नाहीच. सहा महिन्यांनी मी स्वतःच्या हाताने त्याला करडी टाचणी लावली.

ही बातमी घेऊन मी काकांकडे गेले. काका म्हणजे आमचे संचालक. संस्था कुटुंबाची असल्यामुळे तिथे कुणालाही साहेब किंवा मॅडम म्हणायला बंदी होती. पत्रव्यवहार बघणारी बाई वहिनी होती, आणि ती कुणाचीच वहिनी नव्हती. मी ताई.

"मंजूर?" काका म्हणाले. "आपल्याला न विचारता?"

"काका, आपणच मागत होतो ते."

"मागत होतो म्हणजे अजून मागतोय. वहिनी, या महिन्याची पत्रं गेली का?"

"कालच गेली," वहिनी म्हणाली. "चारशे. 'आता तरी मंजूर करा' अशी."

"उत्तरं?"

"नेहमीचीच. सहानुभूतीने विचार करतो म्हणतात. ज्यांनी विधेयक मांडलं ते आमदार तर शेवटच्या श्वासापर्यंत लढणार आहेत."

काकांनी नकाशापाशी जाऊन गंजलेली टाचणी पाहिली. म्हणाले, "अहवाल लिही, ताई."

मी लिहिला. छापील अर्जात शेवटचा रकाना होता, 'माहितीतली कुटुंबं, ज्यांना हा कायदा लागू होतो'. तो रिकामा सोडता आला असता. मी 'एक' असं लिहिलं, आणि तळटीपेत आमच्या घराचा पत्ता दिला. रकाना असला की मला तो भरावासा वाटतो, हा माझा दोष आहे.

एक म्हणजे माझे आईवडील.

आईने वेगळं राहण्यासाठी अर्ज केला होता. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली; घरात मात्र तिचं एकही वाक्य दुरुस्तीशिवाय पुरं व्हायचं नाही. बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. निवृत्तीनंतर तपासायला घरच उरलं. ती अर्धा तास म्हणाली की ते सव्वीस मिनिटं म्हणत. ती किलोभर बटाटे म्हणाली की ते उठून काटा आणत. "मला एकदाच 'साधारण' म्हणायचंय," ती मला म्हणाली होती, "आणि कुणी दुरुस्त करता कामा नये." मावशीचा फ्लॅट दोन गल्ल्या सोडून होता. तिथली एक खोली आईसाठी रिकामी ठेवलेली होती.

अर्जाची तारीख लागायच्या आधी मीच तिला म्हटलं होतं, "थांब, एक विधेयक येतंय. त्याचं काय होतं ते बघू." तेव्हापासून दर सोमवारी ती विचारायची, "त्याचं काय झालं गं?" आणि मी सांगायची, "हललं नाही."

कायदा असा होता. ज्यांनी अर्ज केलाय त्या नवराबायकोने हजार दिवस रोज एक वेळ एकत्र जेवायचं, रक्ताच्या एका सज्ञान नातेवाइकासमोर. त्यानंतरच्या तीस दिवसांत दोघांपैकी कुणीही जेवताना, ताटं उचलायच्या आत, आपला निर्णय मोठ्याने सांगायचा आणि नातेवाइकाने सही करायची. कुणीच काही बोललं नाही तर अर्ज रद्द, आणि पुढची बारा वर्षं नवा करता येणार नाही. आई सहासष्ट वर्षांची होती.

कायदा लागू झाल्यापासूनचे हजार दिवस त्यांनी नकळत पुरे केले होते. जेवण रोज साडेसातला, तिघं एका टेबलाशी. बाबांच्या वहीत प्रत्येक जेवणाची वेळ आणि वजन होतं. एकमेकांशी बोलायची अट कायद्यात नव्हती, हे नशीब. अर्ज केल्यापासून ती दोघं माझ्यामार्फतच बोलत होती.

मंगळवारी संध्याकाळी मी दोघांनाही सगळं सांगितलं. शुक्रवार शेवटचा, हेही.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आई म्हणाली. "आणि कळसा तुझ्याच काखेत."

"तिला सांग," बाबा म्हणाले, "शुक्रवार एक हजार तिसावा. बरोबर आहे."

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. ताटं मी उचलली.

बुधवारी आईने घसा खाकरला. बाबांनी चमचा खाली ठेवला. मी पेन उघडलं. "ह्यांना सांग," आई म्हणाली, "मीठ तिकडे आहे."

रात्री भांडी पुसताना मी तिला विचारलं, "जायचंय ना तुला?"

"जायचंय गं. पण इतकी वर्षं बोलायचं राहिलं की ते आता घशात मावत नाही. तूच सांग ना."

"मी साक्षीदार आहे. मला चालत नाही."

"सगळ्या जगाचं तुला चालतं," ती म्हणाली आणि फडकं झटकलं.

गुरुवारी काकांनी मला बोलावलं. माझा अहवाल त्यांनी पाठ केला होता, तळटीपेसकट.

"ताई, चौदा वर्षं मी भाषणं करतोय. एक घर वाचलेलं मला दाखवता आलेलं नाही. एकही. आणि ते तुझं निघावं?"

"काका, वाचलंय असं अजून म्हणता येणार नाही. नमुना एकच आहे. शिवाय आई—"

"उद्या जेवायला येतो. वहिनीही येईल, फोटो काढायला. कुणी काही बोलायची गरजच नाही, हेच तर या कायद्याचं सौंदर्य आहे. ताटं उचलली की झालं."

शुक्रवारी ते सव्वासातलाच आले, फुलं घेऊन. वहिनीने जिना चढल्याचा दम घेत आईला विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"चाळीसेक," आई म्हणाली.

"एकेचाळीस वर्षं, दोन महिने," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले.

आईच्या हातातली फुलं थोडी खाली आली.

उकडलेले बटाटे होते, अंडी होती, पाव होता. काका बोलू लागले. घर म्हणजे काय, संयम म्हणजे काय, मौनात किती बोलणं असतं. आईने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा काकांना वाटलं तिला पाणी हवंय, आणि त्यांनी तिचा पेला भरला. पेल्यातलं पाणी काठाच्या वर फुगून थरथरत होतं, सांडत नव्हतं. पृष्ठताणाचं इतकं स्वच्छ उदाहरण मी प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं.

आठला पाच कमी असताना काकांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं. "वहिनी, फोटोला टेबल मोकळं हवं ना?"

"हो, उष्टं दिसायला नको," वहिनी म्हणाली आणि उठली. तिने माझं ताट उचललं. बाबांचं उचललं. आईच्या ताटात अर्धा बटाटा होता, त्याला ती चमच्याने एका कडेवरून दुसऱ्या कडेला नेत होती. वहिनीने हात पुढे केला.

बाबांनी त्या ताटाच्या काठावर आपला हात ठेवला. चार बोटं, घट्ट.

"हे उचलायचं नाही," ते म्हणाले. "तिचं जेवण संपलेलं नाही."

"अहो, अर्धा बटाटा तर राहिलाय," काका हसून म्हणाले.

"अर्धा नाही." बाबांनी ताटाकडे पाहिलं. मी वजनाची वाट पाहिली. त्यांनी आकडा सांगितला नाही. हात तसाच ठेवून ते आईकडे वळले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा, मला मध्ये न घालता, म्हणाले, "जेव तू. वेळ आहे."

वहिनी दोन ताटं हातात घेऊन उभी राहिली. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अर्जाचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

आईने बटाटा खाल्ला. पाणी प्यायली, सगळं. पदराला हात पुसले.

"मी जाणार आहे," ती बाबांना म्हणाली. "हिच्या मावशीकडे राहायला. साधारण महिन्याभरात."